वाचकांचे प्रश्न : कंबरेला रुमाल, हातात अधिकार

ख्रिस्ती शिकवणीतली नम्रता आणि सेवकासारखे पुढारीपण यांविषयी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वडील, म्हणजे कारभार पाहणारा पुढारी, म्हणून माझी निवड झाली. ‘जो पहिला होऊ पाहतो त्याने सर्वांचा दास व्हावे’ हे वचन धरून खुर्च्या मांडण्यापासून आजाऱ्यांच्या भेटीपर्यंत सगळे मीच करतो. सहा महिन्यांत पार थकलो आहे, आणि लोक तर म्हणतात की कामे अडून राहतात. माझे कुठे चुकते?

उत्तर : सेवा करण्यात चूक नाही. सगळे स्वतःच्या मुठीत ठेवण्यात आहे. हे वचन बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातले. याकोब आणि योहान हे शिष्य येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात, बाकीचे दहा शिष्य चिडतात, आणि येशू त्यांना परराष्ट्रीय अधिपतींची लोकांवर सत्ता गाजवण्याची रीत दाखवून म्हणतो, तुमच्यात तसे नसावे. तिथे, या वचनाच्या लगेच आधीच्या ओळीत, ‘सेवक’ म्हणून जो ग्रीक शब्द आला आहे, डायाकोनॉस, तो जेवण वाढणाऱ्यालाही लावत. वाढणाऱ्याची नजर दुसऱ्याच्या पानावर असते. तुमची नजर कदाचित आपल्या कष्टांवर गेली आहे.

यावर बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय ६, सावकाश वाचा. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विश्वासीयांची तक्रार होती. प्रेषितांनी ती नाकारली नाही आणि स्वतः वाढायलाही धावले नाहीत. त्यांनी सगळ्यांना बोलावले, माणसे कशी हवीत ते सांगितले (नावलौकिकाची, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण) आणि निवड लोकांवर सोपवली. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेले. आणखी एक गोष्ट भाषांतरात सहज निसटते : अन्नवाटपाला आणि प्रेषितांनी स्वतःकडे ठेवलेल्या वचनाच्या सेवेला (देवाचे वचन शिकवण्याला) मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द आहे. एक काम हलके आणि दुसरे भारी, अशी उतरंड तिथे नाही.

तुम्ही असे करा. दोन आठवडे रोज केलेली कामे वहीत लिहा. मग प्रत्येक कामापुढे खूण करा : हे मीच करायला हवे, हे दुसरा आजच करू शकेल, हे दुसऱ्याला शिकवावे लागेल. दुसऱ्या प्रकारची कामे महिन्याभरात सोपवा. सोपवताना कामासोबत त्याचा खर्च आणि त्यातला निर्णयही द्या. पुष्कळ जण इथेच अडखळतात. खुर्च्या दुसऱ्याने मांडायच्या, पण कशा मांडायच्या ते दर वेळी तुम्हाला विचारायचे, असे झाले तर तुम्ही काम दिले आणि मान मात्र ठेवून घेतला. तिसऱ्या प्रकारात एका वेळी एकच माणूस तयार करा : आधी तो तुमच्यासोबत येईल, मग तुम्ही त्याच्यासोबत जाल, मग तो एकटा जाईल. झाडलोटीचे एखादे काम मात्र स्वतःकडे कायम ठेवा, आणि ते कोणी पाहत नसताना करा.

प्रश्न : नम्र असणे म्हणजे स्वतःला कमी लेखणे का? कोणी कौतुक केले की ‘माझ्यात काहीच नाही’ असे म्हणायची सवय लागली आहे.

उत्तर : नाही. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, त्याच्या आधीची ओळ पाहा : पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याच हातांनी तो गंगाळ उचलतो. पाय धुऊन झाल्यावर वस्त्रे घालून पुन्हा आपल्या जागी बसतो आणि म्हणतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते ठीकच म्हणता. आपली जागा पक्की ठाऊक असल्यामुळे त्याला खाली वाकता आले. प्रेषित पौलाने तर कलस्सै गावच्या मंडळीला लिहिताना दिखाऊ नम्रतेपासून सावध केले आहे.

कौतुक झाले की ‘आभारी आहे’ म्हणा, आणि सोबत काम केलेल्यांची नावे घ्या. तेवढे पुरते. नम्रतेची खरी कसोटी कौतुकापेक्षा चूक कबूल करताना लागते. ‘कोणाला वाईट वाटले असेल तर क्षमा असावी’ यात माफी नाही, कारण त्यात दोष ऐकणाऱ्याच्या भावनेवर ढकलला जातो. मी काय केले, त्याने कोणाचे काय नुकसान झाले, आणि मी ते कसे भरून देणार, हे तिन्ही सांगायला हवे. लूकाच्या १९व्या अध्यायात जक्कय हा जकातदार आकड्यांत बोलतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत.

प्रश्न : आमचे पुढारी अर्पणाच्या पैशाचा हिशोब देत नाहीत. ‘मी देवाचा सेवक आहे, हिशोब देवाला देईन’, असे म्हणतात. विचारले तर ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन ऐकवतात. गप्प राहणे ही नम्रता आहे का?

उत्तर : नाही, आणि ते वचन चुकीच्या दिशेने वापरले जात आहे. ते १०५व्या स्तोत्रातले आहे. तिथे देव राजांना दटावतो : हे मूठभर लोक परक्या देशांतून भटकत आहेत, त्यांना त्रास देऊ नका. तो इशारा बलवंतांना आहे आणि आधार दुबळ्यांना. पुढाऱ्याला प्रश्नांपासून वाचवण्यासाठी ते वचन वापरले की त्याचा अर्थच उलटा होतो.

‘हिशोब देवाला’ याचे उत्तर पौलाच्या वागण्यात आहे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी त्याने मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली, तेव्हा ती नेण्याच्या कामी आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोघे बंधू (विश्वासी) दिले. त्यांतला एक मंडळ्यांनी निवडलेला होता. कारणही तो स्पष्ट लिहितो (२ करिंथ ८) : या मोठ्या रकमेवरून कोणी आम्हांला दोष देऊ नये, आणि जे योग्य ते प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही नजरेत योग्य असावे. प्रेषिताला साक्षीदार लागले, मग इतरांना का नकोत?

निदान एवढी घडी हवी. अर्पण त्याच दिवशी, त्याच जागी, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावे आणि आकड्याखाली दोघांनी सही करावी. बँक उघडताच रक्कम जशीच्या तशी भरावी. खात्यावर दोन सह्या असाव्यात. वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाकडून तपासणी करून घ्यावी आणि अहवाल मंडळीसमोर वाचावा. पुढाऱ्याचे मानधन ठरत असताना त्याने खोलीबाहेर थांबावे. ही घडी बिघडते ती ठरलेल्या जागी : मोजणारे दोघे एकाच घरचे असतात, कोऱ्या धनादेशांवर आगाऊ सह्या घेतलेल्या असतात, मोजणीच्या आधीच थैलीतून खर्च काढला जातो, किंवा एका कामासाठी दिलेले दान दुसरीकडे वळते. शेवटचे अनेकदा चांगल्या हेतूने होते, तरी तो देणाऱ्याचा विश्वासघातच असतो.

विचारायचे कसे? आधी एकट्याने भेटा. भाषा आरोपाची नको, मागणी नेमकी असू द्या : अमुक वर्षाचा जमाखर्च अमुक तारखेपर्यंत. मिळाला नाही तर दोघातिघांनी जा आणि लेखी मागा. तरीही नाही, तर मंडळीच्या सभेत मांडा. मत्तयाच्या १८व्या अध्यायातला क्रम हाच आहे. वडिलांवरचा आरोप दोघातिघांच्या साक्षीवाचून घेऊ नये, पण दोष सिद्ध झाला तर सर्वांसमोर कान उघडावेत, अशा दोन्ही सूचना तीमथ्याच्या पहिल्या पत्रात एकापाठोपाठ आहेत. अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र चुकला तेव्हा पौलानेही त्याला सर्वांदेखत सुनावले होते.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. प्रश्न मारहाणीचा, लैंगिक अत्याचाराचा किंवा मुलांच्या सुरक्षेचा असेल तर ‘आधी एकट्याने भेटा’ ही पायरी पीडित माणसावर मुळीच लादू नये. तिथे त्या व्यक्तीला सुरक्षित करणे आणि पोलिसांत कळवणे हेच पहिले. क्षमेचे वचन दाखवून तक्रार मागे घ्यायला लावणे हा दुसरा अत्याचार आहे.

प्रश्न : आमच्या सभेत सगळे माझ्या होला हो करतात. खरी मते कळत नाहीत.

उत्तर : तुम्ही सर्वांत शेवटी बोला. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या मठनियमांत तिसरे प्रकरण याचसाठी आहे. महत्त्वाच्या बाबतीत मठाधिपतीने सर्वांना बोलवावे, कारण अधिक चांगले ते प्रभू अनेकदा धाकट्याला सुचवतो. मत सर्वांचे ऐकायचे, निर्णय मात्र मठाधिपतीचा. विषय दोन दिवस आधी लेखी कळवा, बोलण्याची सुरुवात वयाने लहान असलेल्यापासून करा, आणि विरोधी मत इतिवृत्तात नोंदवा. पहिल्यांदा कोणी विरोध केला की त्याला तुम्ही काय उत्तर देता, यावर पुढच्या वर्षभराच्या सभा ठरतात.

प्रश्न : पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) पाय धुण्याचा विधी करायचा आहे. तयारी काय करावी?

उत्तर : बारा जणांसाठी माणशी अर्धा लिटर धरून सहा लिटर कोमट पाणी, ओतायला तांब्या किंवा जग, खाली धरायला पसरट गंगाळ, वापरलेल्या पाण्याला वेगळी बादली. प्रत्येकाला स्वतंत्र कोरडा रुमाल द्या, एकच रुमाल फिरवू नका. पाठीच्या खुर्च्या मांडा आणि धुणाऱ्याला गुडघ्याखाली उशी द्या. खाली पाणी सांडते, म्हणून जाड कापड अंथरा, नाहीतर वयस्कर माणसे घसरतात. ज्यांचे पाय धुणार त्यांना आठवडाभर आधी विचारा. पायाला जखम असणाऱ्याला किंवा संकोच वाटणाऱ्याला सहज नाही म्हणता यावे.

निवडीतच बहुतेक ठिकाणी घोळ होतो. मोठे देणगीदार आणि पदाधिकारी ओळीने बसवले की विधी मानपानाचा होतो. रोमन कॅथलिक विधीत २०१६च्या फर्मानाने स्त्रियांसह देवाच्या प्रजेतल्या सर्वांमधून माणसे निवडायला मोकळीक मिळाली. त्याआधी नियमात फक्त पुरुषांचा उल्लेख होता. नवखे, आजारी, ज्यांना कधी पुढे बोलावले जात नाही, अशांना घ्या. छायाचित्रे काढू नका. एका पायावर चार थेंब शिंपडून उरकू नका. दोन्ही पाय धुवा, बोटांच्या बेचक्यांसह पुसा.

‘तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावेत’, असे येशू म्हणाला. मेनोनाइट आणि सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळ्यांत म्हणूनच जोडीजोडीने एकमेकांचे पाय धुतात. तुमच्या परंपरेत पुढारीच धुणार असेल, तर नियमाच्या चौकटीबाहेर, आधी किंवा नंतर, त्याचेही पाय कोणीतरी धुवावेत. येशूकडून पाय धुऊन घेणे पेत्राला जड गेले होते. पुष्कळ पुढाऱ्यांनाही वाकण्यापेक्षा पाय पुढे करणे जास्त जड जाते.