विजयाची शक्यता ७१ टक्के: ‘कौल’, ‘अंदाज’ आणि ‘शक्यता’ यांतील फरक

प्रश्न असा आहे की, २०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘हिलरी क्लिंटन यांच्या विजयाची शक्यता ७१ टक्के’ असे जे सांगितले जात होते, त्याचा अर्थ त्यांना ७१ टक्के मते मिळणार असा होता का, आणि अशा आकड्याला मराठीत ‘मतदारांचा कौल’ म्हणावे का. दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे.

आधी ‘कौल’ पाहू. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बोल किंवा वचन. जमीन लागवडीस देताना लिहून दिला जाणारा कौलनामा त्याच अर्थाचा. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, तेव्हा मूर्तीवर फुले किंवा पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारला जातो आणि कोणत्या बाजूची पाकळी पडते त्यावरून होकार की नकार ते ठरते. एकदा कौल मिळाला की विषय संपतो. म्हणून ‘जनतेचा कौल’ हे शब्द मतमोजणीनंतरच्या निकालालाच शोभतात. लोकसभा निवडणुकीत १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० च्या पुढे जागा दिल्या आणि ४ जूनला प्रत्यक्षात २९३ मिळाल्या. १ जूनच्या आकड्यांना कौल म्हटले, तर मतदारांनी तीन दिवसांत मन बदलले असा भलताच अर्थ निघतो.

चाचणीला ‘अंदाज’ हाच शब्द योग्य आहे, कारण त्यात मोजमापही येते आणि चुकीची मुभाही राहते. हजार मतदार अगदी नीट, यादृच्छिक पद्धतीने निवडले, तरी मतांच्या टक्केवारीत साधारण तीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. नमुनाच एकांगी असेल तर ही चूक आणखी वाढते आणि केवळ जास्त माणसांना विचारून ती भरून निघत नाही.

‘शक्यता’ ही याहून वेगळी गोष्ट आहे. चाचण्यांवरून निवडणुकीचे भाकीत करणाऱ्या ‘फाइव्हथर्टीएट’ या संकेतस्थळाने मतदानाच्या दिवशी क्लिंटन यांना सुमारे ७१ आणि डोनाल्ड ट्रम्प यांना सुमारे २९ टक्के शक्यता दिली होती. मतांच्या बाबतीत देशपातळीवरील चाचण्यांची सरासरी क्लिंटन यांना तीन-चार टक्क्यांचीच आघाडी देत होती, आणि त्या खरोखरच दोन टक्क्यांनी पुढे राहिल्या. निवडणूक मात्र राज्यवार निर्वाचक मतांवर ठरते (प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक मते येतात आणि बहुतेक राज्यांत ती सगळी तिथल्या विजेत्याला मिळतात), आणि पेनसिल्व्हेनिया, मिशिगन व विस्कॉन्सिन ही तीन राज्ये मिळून ऐंशी हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने ट्रम्प यांच्याकडे गेली आणि ते निवडून आले.

त्याच चाचण्या हाताशी असताना ‘हफिंग्टन पोस्ट’ या वृत्तसंकेतस्थळाने क्लिंटन यांची शक्यता ९८ टक्के सांगितली होती. एवढी तफावत पडण्याचे मुख्य कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एका राज्यात चाचणी चुकली तर तशाच लोकवस्तीच्या शेजारच्या राज्यातही ती त्याच दिशेने चुकेल, हे ‘फाइव्हथर्टीएट’ने अधिक जोरकसपणे गृहीत धरले होते. प्रत्येक राज्यातील चूक स्वतंत्र मानली, तर सगळीकडे एकदम फासा उलटा पडणे जवळजवळ अशक्य दिसते. प्रत्यक्षात अनेक राज्यांतील चाचण्यांच्या नमुन्यांत पदवीधरांचे प्रमाण जास्त होते आणि ते दुरुस्त केलेले नव्हते, त्यामुळे या तिन्ही राज्यांतील चूक एकाच बाजूला झुकली. २९ टक्के म्हणजे दहात जवळपास तीन वेळा घडणारी गोष्ट. ती घडली, एवढ्यावरून गणित खोटे ठरत नाही. ज्या ज्या घटनांना ७१ टक्के शक्यता दिली होती, त्यांपैकी साधारण तितक्याच घडल्या का, हे अनेक निवडणुका मिळून तपासावे लागते.

यात मराठीची एक अडचण आहे. दहावीच्या गणितात आपण ‘संभाव्यता’ शिकतो, पण बोलताना ‘शक्यता कमी आहे’ हे ‘होणार नाही’ याचेच सौम्य रूप असते. त्यामुळे ‘ट्रम्प यांच्या विजयाची शक्यता कमी’ हे वाक्य ऐकणाऱ्याला ते हरणार असेच भाकीत वाटते. म्हणून मी सुचवेन की मतांसाठी ‘मतांचा अंदाज ४८ टक्के, तीन टक्के कमीअधिक’ असे लिहावे आणि शक्यतेसाठी ‘शंभरात ७१ वेळा क्लिंटन, २९ वेळा ट्रम्प’ असे दोन्ही बाजू सांगून लिहावे. ‘टक्के’ हा शब्द दुसऱ्या वाक्यातून गेला, की मतांशी गल्लत व्हायला वाव राहत नाही.