माझ्याच शरीराने बाळ नाकारलं का?

"मॅडम, माझी इम्युनिटी जास्त स्ट्राँग आहे म्हणून बाळ टिकत नाही, खरंय का?" गर्भपात झालेल्या बायका हे मला सारखं विचारतात. एका जोडप्याकडे तर रिपोर्टच होता (तपशील बदललेत), रक्तातल्या एनके सेल्स हाय, म्हणजे नॅचरल किलर नावाच्या रोगप्रतिकारक पेशी जास्त, आणि ते वाचल्यापासून तिने मनाशी ठरवूनच टाकलेलं की आपल्याच पेशींनी दोन्ही बाळं मारली. नवरा म्हणत होता सोड ना आता, आणि ती तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवायची, परत काढायची.

मी म्हटलं, तुझा प्रश्न अजिबात वेडगळ नाहीये, पीटर मेडावार या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये हेच विचारलेलं. बाळाचे अर्धे जीन्स वडिलांचे, म्हणजे आईच्या शरीराला ते अर्धं परकंच, दुसऱ्याची किडनी बसवली तर शरीर ती नाकारायला बघतं मग बाळ नऊ महिने राहतं कसं?

तर होतं असं की वारेच्या ज्या पेशी गर्भाशयात रुजतात त्या आपल्यावरच्या बऱ्याचशा ओळखखुणा लपवतात आणि एचएलए-जी नावाचं एक प्रोटीन पुढे करतात, त्याने आईच्या पेशी शांत राहतात. शिवाय हल्ला आवरणाऱ्या रेग्युलेटरी टी सेल्स असतातच. आणि एनके सेल्स? सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात जेवढ्या रोगप्रतिकारक पेशी असतात त्यातल्या साधारण ७० टक्के ह्याच असतात! पण त्या तिथे मारायला बसलेल्या नसतात, तिथल्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात म्हणजे वारेला नीट रक्त मिळतं. रक्तातल्या एनके सेल्स वेगळ्या असतात, हातातून रक्त काढून गर्भाशयात काय चाललंय ते कळत नाही. त्या आकड्यावरून तिला इंट्रालिपिडची, म्हणजे शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रावाची महागडी सलाईन सुचवली होती, तिचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही, आणि दुःखात असलेल्या बाईला असं काही विकायचं याचा मला खरंच राग येतो.

ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे त्या मदत करत होत्या?"

इम्युनिटीचा संबंध कधीच नसतो असं नाही हां. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम खरा आहे, त्यात शरीर स्वतःविरुद्धच अँटीबॉडीज बनवतं, रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपात होतात, आणि त्यावर अ‍ॅस्पिरिन, हेपरिन असे रक्त पातळ ठेवणारे उपचारही आहेत, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, स्वतःहून गोळी सुरू करायची नाही. त्या अँटीबॉडीजची रक्ताची टेस्ट एकदा पॉझिटिव्ह आली तर निदान १२ आठवड्यांनी परत करावी लागते कारण साध्या इन्फेक्शननंतरही तात्पुरती पॉझिटिव्ह येऊ शकते. हिची पहिली थोडी पॉझिटिव्ह आली, ते तीन महिने फार जड गेले त्यांना, दुसरी निगेटिव्ह.

"मग कारण काय?" नवऱ्याने विचारलं, सोड म्हणणारा तोच. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या क्रोमोसोममध्ये बिघाड असतो आणि तो बहुतेकदा योगायोगाने झालेला असतो, आईने काय खाल्लं, किती टेन्शन घेतलं त्याने नाही. परत परत गर्भपात होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांना तर सगळ्या टेस्ट करूनही कारण सापडत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना पुढे कुठल्याही खास उपचाराशिवाय बाळ होतं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं कारण पहिल्यांदा ऐकूच गेलं नव्हतं.