वाचकांचे प्रश्न : गिटारला मिडी जोडताना

प्रश्न : सहा तारांसाठीचा वेगळा पिकअप बसवून गिटारवरून सिंथचे (इलेक्ट्रॉनिक वाद्याचे) आवाज काढतो. बारीक तारांवर सगळं ठीक असतं, पण जाड ई तारेवर सूर मागून येतो. लॅपटॉप बदलावा का?

उत्तर : लॅपटॉप राहू द्या. मोकळी जाड ई तार सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावते, म्हणजे एका आवर्तनाला १२ मिलिसेकंद. तारेचा सूर ओळखून त्याचे मिडी संदेश (सिंथला कोणता सूर, किती जोरात ते सांगणारे आकडे) बनवणाऱ्या यंत्राला, म्हणजे कन्व्हर्टरला, एक-दोन आवर्तनं तरी पाहावी लागतात, तिथेच १२ ते २४ मिलिसेकंद गेले. मोकळ्या बारीक ई तारेचं आवर्तन ३ मिलिसेकंदांत संपतं, म्हणून तिथे तक्रार नाही. हा उशीर तारेतच आहे, तो पैसे टाकून जात नाही.

तुमच्या हातात आहे तो बफर, म्हणजे संगणक एका वेळी गोळा करून हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने (सॅम्पल). ४८,००० सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८,००० नमुने) १२८ चा बफर २.७ मिलिसेकंद घेतो, २५६ चा ५.३ आणि १०२४ चा तब्बल २१. म्हणून वाजवताना १२८ ठेवा, आवाजात तडतड आली तर २५६ करा. मिक्सिंगला बसल्यावर हवा तेवढा वाढवा.

बेसचा आवाज काढायचा असेल तर एक सोपी युक्ती आहे. मोकळी जाड ई न वाजवता डी तारेचा दुसरा फ्रेट वाजवा आणि सिंथला १२ सेमीटोन, म्हणजे एक सप्तक, खाली उतरवा. ऐकू येतो तोच सूर, पण यंत्राला मिळतात १६४.८ कंपनं, म्हणजे उशीर निम्मा. रेकॉर्डिंग झालेलं असेल तर सहाव्या तारेच्या नोट्स तेवढ्या निवडून १५-२० मिलिसेकंद अलीकडे सरकवा. सगळा ट्रॅक क्वांटाइझ करू नका (नोट्स ठोक्याच्या रेषेवर नेमक्या बसवू नका), हाताची लय त्यात मारली जाते. पॅड किंवा स्ट्रिंग्जच्या हळू उमलणाऱ्या आवाजात हा उशीर कळतही नाही. पियानोत मात्र लगेच उघडा पडतो.

प्रश्न : मी न वाजवलेले सूर मधूनच वाजतात, कधी एकदम वरच्या सप्तकात किंचाळतात.

उत्तर : सॉफ्टवेअरमध्ये शिरण्याआधी तारा पाहा. गंजलेल्या, मळलेल्या तारेचे उपस्वर मूळ सुराशी जुळत नाहीत आणि यंत्र फसून सप्तक बदलतं. नव्या तारा चढवा, इंटोनेशन लावा (प्रत्येक फ्रेटवर सूर नेमका येईल अशी जुळवणी करा), मग पिकअपची उंची तपासा. रोलंडच्या जीके-३ सारख्या पिकअपला शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत सुमारे १ मिलिमीटर अंतर हवं, तेही प्रत्येक तारेखाली. पिकअप ब्रिजला जितका चिकटून, तितकं बरं.

मग सेन्सिटिव्हिटी. एकेक तार तुम्ही वाजवता त्यापेक्षा थोडी जोरात छेडा. मीटर जवळपास भरला पाहिजे, पण टोकाला आपटता कामा नये. जास्त ठेवली तर शेजारच्या तारेची थरथरही नोट होते, कमी ठेवली तर हलके सूर गळतात. सहाही तारांना एकच आकडा लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

उरलेला दोष हातात असतो. बोट उचललं की मोकळी तार बोलते. साध्या गिटारवर ते खपून जातं, पण इथे त्या बोलण्याचा सनईचा सूर होतो! बोट उचलताना तारेवर क्षणभर हलकं टेकवून ठेवा. रेकॉर्डिंगनंतर झाडलोट करायची तर २० पेक्षा कमी व्हेलॉसिटीच्या (छेडण्याच्या जोराचा आकडा) किंवा ५० मिलिसेकंदांहून छोट्या नोट्स आधी गाळून ऐका. १२० च्या टेम्पोला सोळावा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे खऱ्या नोट्स सहसा वाचतात. तरी मूळ ट्रॅकची प्रत ठेवाच.

प्रश्न : दोन तारा एकत्र वाजवून एक ओढली, तर दुसरीचा सूरही ओढला जातो. आणि एकट्या तारेवरची मींडसुद्धा अर्ध्यातच थांबते.

उत्तर : हे दोन वेगळे घोटाळे आहेत. सूर ओढण्याचा, म्हणजे पिच बेंडचा, संदेश एकेका नोटला लागू होत नाही, अख्ख्या चॅनेलला (मिडी संदेशांच्या वाटेला) लागू होतो. सगळ्या तारा एकाच चॅनेलवर असतील तर एकीला ओढलं की सगळ्या ओढल्या जाणार. म्हणून कन्व्हर्टर मोनो मोडवर टाका, म्हणजे सहा तारा ओळीने सहा चॅनेल्सवर जातात. एवढ्यावर काम भागत नाही. बरेच सॉफ्टवेअर सिंथ कुठल्याही चॅनेलवरचं सगळं एकत्र ऐकतात, तिथे वेगळे केलेले सहा चॅनेल पुन्हा एक होतात. एक तर असा सिंथ घ्या जो चॅनेलनिहाय सहा भाग वाजवतो, नाही तर एकाच आवाजाच्या सहा प्रती उघडून प्रत्येकीला एकेक चॅनेल द्या. रेकॉर्डिंगच्या ट्रॅकवरही चॅनेल जसाच्या तसा पुढे जाईल असं ठेवा. तो १ वर सक्तीने बदलला जात असेल तर सगळी मेहनत वाया.

अर्ध्यात थांबणारी मींड म्हणजे दोन टोकांच्या बेंड रेंजचा (सूर जास्तीत जास्त किती ओढला जाईल त्या मर्यादेचा) बेबनाव. कन्व्हर्टर १२ सेमीटोनवर आणि सिंथ नेहमीच्या २ वर असेल, तर तुम्ही तार २ सेमीटोन ओढता आणि ऐकू येतो सेमीटोनचा जेमतेम एक तृतीयांश. उलट असेल तर तेवढीच ओढ पूर्ण सप्तक चढते. दोन्हीकडे १२ करा. लांब स्लाइड घेत असाल तर दोन्हीकडे २४. एमपीई (प्रत्येक नोटला स्वतंत्र चॅनेल देणारी मिडीची पद्धत) समजणारा सिंथ असेल तर त्यात नोटांच्या चॅनेल्सची रेंज मुळात ४८ असते, कन्व्हर्टरही ४८ वर न्या किंवा सिंथ खाली आणा.

पियानो, ऑर्गन अशा आवाजांना मात्र बेंड बंदच ठेवा. खऱ्या पियानोला मींड येत नाही, आणि तुमच्या बोटाचा किंचित दाबही तो बेसूर करून ठेवतो.

प्रश्न : नायलॉनच्या तारांच्या गिटारला हा पिकअप चालेल?

उत्तर : चुंबकीय असेल तर नाही, नायलॉनला चुंबक ओळखत नाही. प्रत्येक तारेखाली वेगळा पिएझो (तारेचा दाब ओळखणारा सेन्सर) असलेले सॅडल लागतील.

प्रश्न : पेडलबोर्ड थेट ऑडिओ इंटरफेसला जोडून रेकॉर्ड केलं तर ओव्हरड्राइव्ह माशी गुणगुणल्यासारखा येतो.

उत्तर : गिटार अॅम्पचा स्पीकर वरच्या पट्टीतली कर्कशता गिळून टाकतो. तुमच्या साखळीत तो स्पीकरच नाही. पेडलबोर्डच्या शेवटी किंवा संगणकात कॅबिनेट सिम्युलेशन (त्या स्पीकरची नक्कल) लावा. फक्त एकाच जागी! पेडलमध्येही आणि प्लगइनमध्येही चालू राहिलं तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो.

पेडलशिवाय गिटार लावताना इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलेलं हवं. तिथे रोध साधारण १ मेगाओहम असतो. लाइन इनपुटचा रोध त्याहून कितीतरी कमी, त्यात पिकअपची धार बोथट होते. लेव्हल २४ बिटला उणे १२ डीबीच्या आसपास शिखर घेईल इतकीच ठेवा.

शक्य असेल तर तीन ट्रॅक एकदम घ्या: कोरी गिटार, इफेक्टसह गिटार आणि मिडी. मिडीने एखादा सूर चुकवला तर कोऱ्या गिटारवर ऐकून दुरुस्त करता येतो. इफेक्ट आवडला नाही तर कोरा ट्रॅक नव्याने पेडलमधून काढता येतो.

प्रश्न : कार्यक्रमात पायाने पॅच (साठवलेला आवाज) बदलतो. ५ दाबला की ६ लागतो.

उत्तर : एक यंत्र ० ते १२७ मोजतं, दुसरं १ ते १२८. एकाचं मोजणं बदला, किंवा यादीच एकाने सरकवून लिहा.   

प्रश्न : लॅपटॉपचा चार्जर लावला की घूं घूं सुरू होते.

उत्तर : चार्जर काढल्यावर थांबते, म्हणजे ग्राउंड लूप आहे (यंत्रांमध्ये ग्राउंडची जोडणी दोन वाटांनी होऊन बनलेला वेढा). अर्थिंगची पिन कधीही कापू नका, जिवाशी खेळ आहे. आउटपुटवर ग्राउंड लिफ्ट (केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल जुळवून पुढे देणारी डबी, लावा. मिडीसाठी ५ पिनांची केबल वापरता येत असेल तर तीच वापरा, तिच्यात इनपुटला प्रकाशाने वेगळं करणारा भाग असतो, यूएसबीत नसतो. आणि सगळी पेडल्स एकाच अडॅप्टरवर लोंबकळत असतील तर डिजिटल पेडलला स्वतंत्र, आयसोलेटेड लाइन द्या. व्होल्टेज आणि ध्रुव पेडलवर छापल्याप्रमाणेच हवेत. मिलिअॅम्पिअर जास्त चालतील, कमी नाही.