पंपाखालच्या भोकातून कूलंट टपकतंय, एम-सील लावून बुजवू का?

नका बुजवू. मी बुजवलं होतं, म्हणून सांगतोय.

तुम्ही लिहिलंय की बाईक तेरा वर्षांची, दोनशे सीसी, लिक्विड कूल्ड (म्हणजे कूलंट फिरवून इंजिन गार ठेवणारी), गुहागरला असते. वॉटर पंपाच्या खाली बारीक भोक आहे, रात्रभर उभी केली की तिथून हिरवे थेंब पडतात, आणि मेकॅनिक म्हणतो एम-सील भरू. पण ते भोक फुटून पडलेलं नाही, कंपनीनेच ठेवलंय. पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात. पाण्याच्या बाजूला मेकॅनिकल सील, इंजिनच्या बाजूला ऑइल सील, आणि दोघांच्या मधल्या फटीतून ते भोक बाहेर निघतं. कूलंट आलं तर मेकॅनिकल सील गेलं, ऑइल आलं तर ऑइल सील. भोक बुजवलंत की कूलंटला एकच वाट उरते, ऑइल सील ओलांडून इंजिनात.

माझं तसंच झालं. एम-सील लावून चार दिवस खुशीत होतो. मग कोल्हापूरला जाताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि टेम्परेचरचा दिवा लागला. गाडी कडेला घेतली, ऑइलच्या काचेत बघतो तर आत दुधाचा चहा! (पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरवली तर ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय धरते, ती बहुतेक दमटपणाची. काचेतलं सगळंच ऑइल चहासारखं झालं, तर मात्र गाडी चालू करू नका.) तिथून टेम्पोत घालून रत्नागिरीला आणली.

पंप खोलण्याआधी एक रात्र गाडीखाली पुठ्ठा ठेवा. थेंब नक्की भोकाखालीच पडतोय का, की होजवरून (रबरी नळीवरून) ओघळत येतोय? आपल्या खाऱ्या हवेत क्लिप गंजतात, आणि होजच्या आत ॲल्युमिनियमच्या नळीवर पांढरी भुकटी धरून तिथे खड्डे पडतात. तसं असेल तर पॉलिश पेपर मारून नवी क्लिप लावली की बऱ्याचदा काम होतं. रेडिएटरच्या टोपीचं रबरही बघा, पण इंजिन पूर्ण गार असताना. गरम टोपी उघडलीत तर तोंड भाजेल.

भोकच असेल तर मेकॅनिकल सील, ऑइल सील, बेअरिंग आणि गॅस्केट (कव्हरखालचं पॅकिंग) एकदमच बदला. कव्हर खोलायची मजुरी एकदाच द्यायची, मग शंभर-दोनशेसाठी जुनं बेअरिंग का ठेवायचं? नवं सील बसवताना बाहेरच्या कडेवर बसेल एवढा पान्याचा सॉकेट घेऊन ठोका. मधल्या भागावर दाब आला की गेलं. मेकॅनिकल सीलच्या घासणाऱ्या तोंडाला ऑइल किंवा ग्रीस लावू नका, पाण्याचा किंवा कूलंटचा हात पुरे. दांड्यावर नख फिरवा. सीलच्या जागी नख अडकलं तर दांडाही बदला, नाहीतर नवं सील सहा महिन्यांत रडेल. शेवटी टोपी न लावता इंजिन चालू ठेवून, होज दाबून हवेचे बुडबुडे बाहेर काढा. माझ्यासारखं ऑइल खराब झालेलं असेल तर स्वस्त ऑइल घालून थोडा वेळ इंजिन फिरवा, ते काढून टाका, मगच चांगलं भरा.

सील जातं कशाने? माझ्या मते बहुतेक विहिरीच्या पाण्याने. मे महिन्यात खाडीकाठचं पाणी मचूळ होतं आणि आपण तेच रेडिएटरमध्ये ओततो. क्षार सीलच्या गुळगुळीत तोंडांवर बसून ती घासतात. चाकरमान्यांच्या गाड्या तर गणपतीपासून शिमग्यापर्यंत पडवीत उभ्याच, सील चिकटून बसतं आणि पहिल्याच किकला चिरतं. ‘कोकणात कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. कूलंट गंज थांबवतं आणि उकळायचं तापमानही वाढवतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला, दोन-तीन वर्षांनी बदला.

आणि काढलेलं कूलंट अंगणात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. ते गोडसर लागतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विषारी असतं. जुन्या कॅनमध्ये भरून बूच घट्ट लावून गॅरेजवाल्याकडे द्या.