रोबो ‘हिरो’ घडवणाऱ्या कंपनीत जावे का?

प्रश्न : मी मेकॅट्रॉनिक्सच्या (यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक यांची सांगड घालणारी अभियांत्रिकी शाखा) शेवटच्या वर्षाला आहे. आगीतून आणि ढिगाऱ्यातून माणसे वाचवणारे रोबो बनवणाऱ्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली आहे. कंपनी प्रत्येक रोबोला नाव आणि चेहरा देते व ‘कधीही न घाबरणारा हिरो’ अशी त्याची जाहिरात करते. दोन जखमी दिसले तर रोबोने आधी कोणाकडे जायचे हे कोण ठरवते, असे मी मुलाखतीत विचारले, तेव्हा ‘तो तुमचा विभाग नाही’ असे उत्तर मिळाले. आईवडील म्हणतात, चालून आलेली संधी सोडू नकोस. मी काय करावे? – एक विद्यार्थिनी

उत्तर : तुम्ही मुलाखतीत विचारलेला प्रश्न योग्यच होता, खटकण्यासारखे आहे ते उत्तर. मात्र मूळ कामाबद्दल मनात किंतू ठेवू नका. ब्रिटिश सैन्याने 1972 मध्ये बॉम्ब निकामी करण्यासाठी ‘व्हीलबॅरो’ नावाचे दूरनियंत्रित यंत्र वापरात आणले, तेव्हापासून जिथे माणसाला जीव धोक्यात घालून जावे लागे तिथे यंत्र पाठवण्याची सोय झाली, आणि त्यात नैतिकदृष्ट्या वावगे काहीच नाही.

अडचण ‘हिरो’ या शब्दापासून सुरू होते. ज्याला गमावण्यासारखे काही आहे आणि तरीही जो पुढे होतो तो शूर. यंत्राला भीतीच नाही, मग त्याचे धैर्य कसले? हा शब्दच्छल वाटेल, पण त्याचा व्यवहारात परिणाम होतो. मोहीम फत्ते झाली की श्रेय नाव-चेहरा असलेल्या यंत्राला मिळते आणि फसली की अहवालात ‘चालकाची चूक’ असे लिहून कंपनी मोकळी होते. जपानमधील फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुऊर्जा प्रकल्पात 2011 मध्ये ‘क्विन्स’ नावाचा रोबो पाठवला होता; त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याची संपर्काची केबल निकामी झाली आणि तो दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अडकून पडला. अशी मागे फरफटणारी केबल आणि दूर पडद्यासमोर बसलेला चालक जाहिरातीच्या चौकटीत सहसा येत नाहीत. त्या जाहिरातीवर विसंबून एखाद्या अग्निशमन प्रमुखाने माणसे कमी केली, तर त्याची किंमत आत अडकलेला माणूस मोजतो.

तुमच्या दोन जखमींचेही तसेच आहे. कोणाकडे आधी जायचे हे रोबो त्या क्षणी ठरवत नसतो. कोणीतरी कित्येक महिने आधी संगणकासमोर बसून लिहिलेला प्राधान्यक्रम तो पाळतो. तो लिहिणारा अभियंता उद्या तुम्हीच असू शकता, त्यामुळे तो तुमचाच विभाग आहे.

आणखी एक बाजू गिऱ्हाइकाची. अमेरिकेतील डॅलस शहराच्या पोलिसांनी जुलै 2016 मध्ये बॉम्ब हाताळणाऱ्या रोबोवर स्फोटके लावून एका सशस्त्र हल्लेखोराला ठार केले. परिस्थिती कितीही बिकट असली, तरी जीव वाचवण्यासाठीचे यंत्र जीव घेण्यासाठी वापरले गेले, हे खरेच. बोस्टन डायनॅमिक्ससह रोबो क्षेत्रातील सहा कंपन्यांनी ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वसाधारण वापराच्या रोबोंवर शस्त्रे न बसवण्याची जाहीर ग्वाही दिली. मात्र ग्वाही म्हणजे कायदा नव्हे. तुमच्या कंपनीच्या विक्रीकरारात अशा वापराला मनाई आहे का, हे विचारायला संकोचू नका.

एवढ्यावरून लगेच नकार कळवा, असे मी म्हणणार नाही, कारण अशा कंपन्यांत शंका घेणारी माणसे आत असणेच अधिक गरजेचे असते. मात्र प्रात्यक्षिके आणि जाहिरातफितींसाठी रोबो सजवणाऱ्या गटाऐवजी चाचणी किंवा सुरक्षा विभागात जागा मागा, मग सुरुवातीचा पगार थोडा कमी मिळाला तरी हरकत नाही. यंत्रांच्या धोका-मूल्यमापनाचे आयएसओ 12100 हे आंतरराष्ट्रीय मानक त्याआधी नीट वाचून ठेवा. ते कंटाळवाणे आहे, पण या विभागातली भाषा तीच आहे. आईवडिलांनाही सांगा, की रुजू होण्यापूर्वी शंका विचारणे म्हणजे संधी लाथाडणे नव्हे. उत्तर कळवण्याची मुदत संपण्याआधी कंपनीला ईमेल पाठवा, चाचणी अहवालावर ज्यांची सही असते त्यांच्याशी अर्धा तास बोलण्याची विनंती करा आणि तोच दोन जखमींचा प्रश्न त्यांना पुन्हा विचारा.