मोबाइल-इंटरनेटमुळे कलाकाराची कल्पकता वाढली की खुंटली? आणि खाजगी असं काही उरलंय का?

तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा हेच मनात आलं की हे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. मी सिंधुदुर्गातला दशावतारी. चोवीस वर्षं नाटक कंपनीत आहे, बहुतेक राजपार्ट, म्हणजे राजाच्या भूमिका करतो. चार लोकांत चुकायची मोकळीक होती म्हणून आम्हाला नवीन सुचायचं. ती मोकळीक फोनने कमी केली. माझ्यापुरतं उत्तर एवढंच, पण ते कसं घडलं ते सांगतो.

ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी: आमच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कार्तिकापासून जत्रा लागतात. देवाची पालखी फिरून झाली की रात्री उशिरा देवळाच्या आवारात नाटक उभं राहतं, ते पहाटे दहीकाल्यापर्यंत चालतं. मांडवात एक बाकडं, तेच सिंहासन, तोच रथ. बाजूला पेटी, मृदंग, झांज. आख्यान कुठलं लावायचं ते त्याच दिवशी ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, बाकी सगळं बोलणं उभ्या उभ्या सुचेल तसं. समोरचा कुठला सवाल घालेल याचा पत्ता नसतो.

तीन वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याकडच्या एका जत्रेत कृष्णशिष्टाईचा प्रवेश चालला होता. मी दुर्योधन. सलग अकरावी रात्र, डोळ्यांत झोप. आवेशात बोलून गेलो, "माता कुंतीची शपथ!" म्हणायचं होतं गांधारी. मांडवात हशा पिकला. कृष्ण करणारे आमचे ज्येष्ठ सहकारी एक पाऊल पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दुर्योधना, शपथेला तुझ्या तोंडी कुंती आली. पांडव तुझे भाऊ आहेत हे तुझ्या जिभेला कळलं, तुझ्या अहंकाराला कधी कळणार?" हशा जागच्या जागी थांबला. मृदंगवाल्याने थाप दिली नाही, हात तसाच धरून राहिला. मला पुढे काय बोलावं सुचेना, आणि ते न सुचणंच दुर्योधनाला शोभून गेलं. चोवीस वर्षांत असा प्रवेश माझ्या वाट्याला दुसरा आला नाही.

सकाळी पेटारे गाडीत चढवत होतो तेव्हा व्हिडिओ फिरायला लागला होता. तीस सेकंदांचा. माझी चूक आणि हशा. कृष्णाचं उत्तर सुरू व्हायच्या आधीच तोडलेला. वर लिहिलेलं, "दुर्योधन आपल्या आवशीक इसारलो," म्हणजे आपल्या आईलाच विसरला. मुलीने पुण्याहून फोन केला, तिच्या हॉस्टेलपर्यंत तो पोचला होता.

त्यानंतर मी काय केलं ते महत्त्वाचं आहे. मी सांभाळून बोलायला लागलो. जी वाक्यं आधी टाळी घेऊन गेलीत तीच पुन्हा. कृष्ण करणारे ते सहकारी एकदा रंग उतरवताना म्हणाले, "तू हल्ली सवालच घालणस नाय." त्यांना कळलं होतं.

नव्या पोरांचं वेगळं. ती फोनवर बघून शिकतात. आम्ही रात्री तीन वाजता विंगेत बसून जुन्या नटांना ऐकायचो, अर्धं विसरायचो, विसरलेल्या जागी आपलं काहीतरी घालायचो. आता विसरायला होतच नाही. पाच कंपन्यांतले पाच दुर्योधन शब्दाला शब्द एकच भाषण करताना मी ऐकलेत. प्रेक्षकही ओरडतात, तो व्हिडिओतला डायलॉग घे म्हणून.

तरी फोनला सरसकट वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. माझी आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती, माझी नाटकं तिने फोनवरच पाहिली. ज्या चाकरमान्यांना जत्रेला रजा मिळत नाही ते विरार-डोंबिवलीत रात्रभर लाइव्ह बघतात, आणि त्यातूनच मुंबईचे प्रयोग मिळतात. गेलेल्या नटांचे आवाज राहिले, हे तर फारच मोठं.

खाजगीपणाचा खरा फटका आमच्या स्त्रीपार्टीला, म्हणजे बायकांच्या भूमिका करणाऱ्या नटाला बसला. वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे. बक्षिसं हल्ली यूपीआयवर येतात, म्हणून त्याने आपला क्यूआर कोड पेटाऱ्याच्या झाकणावर चिकटवला. कोणीतरी रंगपटात, म्हणजे आमच्या रंग-कपडे करायच्या खोलीत शिरून साडी नेसतानाचा व्हिडिओ काढला, त्यात तो कोड आला. यूपीआय आयडीत अनेकदा फोन नंबरच असतो. मग रात्री-अपरात्री नको ते फोन. शेवटी त्याने नंबर बदलला. अॅपमध्ये नंबर नसलेला वेगळा आयडी करता येतो हे आम्हाला नंतर कळलं, तुम्हीही करून ठेवा.

कायद्याचंही सांगतो, कारण आमच्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ प्रमाणे सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं असतो. सादरकर्ता म्हणजे नट-गायकच नव्हे, त्या व्याख्येत डोंबारी आणि गारुडीही आहेत, हे वाचून मला फार बरं वाटलं. स्वतःला बघायला चित्रण केलं तर चालतं, ते लोकांत सोडायचं तर आमची संमती हवी. २०१२ च्या दुरुस्तीने नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला धक्का देणारी मोडतोड थांबवण्याचाही हक्क दिला. पण तिथेच म्हटलंय की वेळेत बसवण्यासाठी नुसता एखादा भाग कापला तर ती मोडतोड धरायची नाही. माझं दुखणं नेमकं तिथेच आहे.

आता आमच्या कंपनीत दोन नियम आहेत. रंगपटात फोन खिशाबाहेर काढायचा नाही, पाहुण्याने तर नाहीच. आणि लाइव्ह करायचं तर मालकांना विचारून, पूर्ण नाटक, तुकडे नाहीत. गावकरी ऐकतात. सगळे नाही, पण बरेच.

गेल्या माघात कुडाळजवळच्या जत्रेत मी पुन्हा एक आडवा सवाल घातला, त्याच स्त्रीपार्टी मुलाला. तो द्रौपदी होता. क्षणभर गडबडला आणि असं काही बोलला की पेटीवरचे नाईक मान वर करून बघत राहिले. रंग पुसताना त्याने विचारलं, "अण्णा, कोणी व्हिडिओ काढल्यान काय?" नाही म्हटल्यावर चेहरा पडला त्याचा. मग मला आठवत होती तेवढी दोन वाक्यं मी त्याला म्हणून दाखवली. तिसरं नाईकांना आठवलं.