मिग-23 चं मॉडेल: आधी पंखांचा कोन, मग टाक्या

मिग-23 या लढाऊ विमानाचे पंख उडताना मागे-पुढे वळतात; म्हणून किट हातात घेतल्यावर टाक्यांसाठी भोकं पाडण्याआधी पंखांचा कोन ठरवा. 16 (पंख पूर्ण पसरलेले), 45 आणि 72 अंश (पूर्ण मागे ओढलेले) या तीन जागा. पोटाखालची 800 लिटरची इंधन टाकी कुठल्याही कोनात चालते, पण हलत्या पंखाखालच्या दोन टाक्यांचे पायलन (टाकी टांगायचे खांब) पंखासोबत वळत नाहीत. त्या टाक्या लावायच्या असतील तर पंख 16 अंशांवरच चिकटवा. मागे ओढलेल्या पंखाखाली टाकी लावली की ती उड्डाणाच्या दिशेला तिरकी दिसते; नवशिक्यांच्या मॉडेलमध्ये हीच चूक सगळ्यात जास्त सापडते. टाक्या नको असतील तर ते पायलनही लावू नका, कारण खऱ्या विमानात टाकीबरोबर पायलनही टाकून देतात.

मिग-23एमएलडी या प्रकाराला पंखाच्या न हलणाऱ्या भागाखाली आर-24 क्षेपणास्त्रं, पोटाखाली दुहेरी लाँचरवर आर-60 क्षेपणास्त्रं आणि मधे टाकी. ही जोडणी मला सर्वात देखणी वाटते. चाकं खाली दाखवणार असाल तर शेपटीखालचा फिन (उभा पाता) दुमडलेलाच हवा.

मिग-27 ला, म्हणजे नाशिकला एचएएलने बांधलेल्या आपल्या ‘बहादूर’लाही, आर-24 देऊ नका. त्याच्या नाकात रडार नाही. त्याला बॉम्ब आणि रॉकेट पॉडच शोभतात.

सुखोई-22 सोपं: फक्त बाहेरचा पंख हलतो, पायलन स्थिर भागावर, त्यामुळे कोन कुठलाही ठेवा. सुखोई-24 मध्ये हलत्या पंखाखालचे पायलन वळतात, म्हणून पंख मागे घेतलात तरी ते नाकाच्या दिशेला समांतर चिकटवा. 3000 लिटरच्या मोठ्या टाक्या मात्र स्थिर भागाखालीच.